ठेवही आहे आणि कर्जही: आधी काय मिटवायचं?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की घरात मुदत ठेव पडून असताना महागडं कर्ज चालू ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्या एका वाक्यावर या महिन्यात बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं नाही, काहींनी आपापले आकडे पाठवून "मग आमचं काय?" असं विचारलं. माझी नोकरीची बहुतेक वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेली. ठेवीची पावती पिशवीत घेऊन कर्ज मागायला आलेली माणसं मी टेबलापलीकडून रोज पाहिली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना दिली आहे.

ताई, घराच्या दुरुस्तीसाठी मला १० लाख रुपये लागणार आहेत. तेवढ्याच रकमेची ७ टक्के व्याजाची ठेव माझ्याकडे आहे. आमचे गुंतवणूक सल्लागार म्हणतात, ठेवीला हात लावू नका, ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढा. त्यांनी तक्ता दिला आहे. कर्जावर एकूण व्याज २ लाख ४५ हजार जाईल, ठेवीवर ४ लाख १४ हजार मिळेल, म्हणजे १ लाख ६९ हजारांचा फायदा. नवाने घेऊन साताने ठेवायचं आणि वर फायदा, हे डोक्यात शिरत नाही. पण आकडे तर बरोबर दिसतात. (शिक्षक, वय ४६)

सर, आकडे बरोबरच आहेत, मी ते पडताळून पाहिले. तुमची शंकाही बरोबर आहे. चूक आहे ती दोन आकडे शेजारी मांडण्यात.

१० लाखांच्या कर्जाचा हप्ता येतो २०,७५८ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ७,५०० रुपये व्याजाचे आणि १३,२५८ मुद्दलाचे. त्याच महिन्यात तुमची १० लाखांची ठेव कमावते साधारण ५,८३० रुपये. या महिन्यात दोन्हीकडे रक्कम सारखीच आहे, आणि तोटा सरळ दिसतो. आता एकदम शेवटच्या महिन्यावर या. कर्जाचे जेमतेम साडेवीस हजार उरलेले असतात आणि त्यावर व्याज लागतं १५५ रुपये. ठेव मात्र चक्रवाढीने वाढून १४ लाखांच्या पुढे गेलेली असते आणि त्या महिन्यात आठ हजारांच्या वर कमावते. तक्त्यातला "फायदा" इथून येतो. एका बाजूला दर महिन्याला घटत जाणारी रक्कम, दुसऱ्या बाजूला दर तिमाहीला फुगत जाणारी. पाच वर्षांचा विचार केला तर बँकेचे सरासरी साडेपाच लाखच तुमच्याकडे होते. साडेपाच लाखांवरचं व्याज आणि दहा-चौदा लाखांवरचं व्याज यांची तुलना करून काय सिद्ध होणार?

मग मधली रक्कम कुठून आली? तुमच्या पगारातून. दर महिन्याचे २०,७५८ रुपये तुम्ही खिशातून घातलेत, आणि तक्त्यात त्यांची कुठे नोंदच नाही.

खरी तुलना अशी करायची. समजा तुम्ही ठेव मोडून दुरुस्ती केलीत आणि जो हप्ता भरला असतात, तेवढीच रक्कम दरमहा ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकलीत. खिशातून दोन्हीकडे सारखेच पैसे गेले. पाच वर्षांनी आवर्ती ठेवीचे होतात सुमारे १४ लाख ८५ हजार. कर्ज काढून राखलेल्या ठेवीचे होतात १४ लाख १५ हजार. म्हणजे कर्जाच्या वाटेने गेलात तर ७० हजारांनी मागे राहता. हे करापूर्वीचं झालं. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ठेवीच्या व्याजावर ४ टक्के उपकर धरून २०.८ टक्के कर जातो, पण नव्या करपद्धतीत अशा दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर सूट मिळत नाही. ते धरलं तर तूट एक लाख दहा हजारांच्या पुढे जाते. कर्जाचं प्रक्रिया शुल्क मी अजून मोजलेलंच नाही.

हा तक्ता मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. कधी गाडीच्या कर्जाबरोबर, कधी विमा पॉलिसीबरोबर तो पुढे येतो. तो दाखवणाऱ्याला कमिशन असू शकतं, हे मनात ठेवून त्याकडे पाहा. त्याचा जुळा भाऊ म्हणजे सपाट व्याजदर. तीन वर्षांसाठी "फक्त १० टक्के फ्लॅट" म्हणून दिलेलं कर्ज घटत्या शिल्लकीवर मोजलं तर जवळपास १८ टक्क्यांना पडतं, कारण मुद्दल फिटत गेलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लावलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी तेवढा एक आकडा बोट ठेवून वाचा.

तरीही सगळी ठेव मोडा असं मी म्हणणार नाही. हाताशी काहीच उरत नसेल तर सात-आठ लाख मोडा आणि उरलेल्या ठेवीवर लागेल तेवढा ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून हवी तेव्हा घेता येणारी उचल) घ्या. तो साधारण ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त दराने मिळतो आणि वापरलेल्या दिवसांचंच व्याज लागतं. आणि आवर्ती ठेवीची स्थायी सूचना (दरमहा खात्यातून आपोआप रक्कम वळवण्याची) ठेव मोडाल त्याच दिवशी देऊन या. कर्जाचा हप्ता आपल्याकडून हटकून भरला जातो, स्वतःसाठीची बचत मात्र दोन महिन्यांत थंडावते. सल्लागारांच्या बाजूने बोलण्यासारखा एकच मुद्दा आहे, आणि तो हा. पण त्यावरचा उपाय कर्जापेक्षा खूप स्वस्त आहे.

ताई, मी २७ वर्षांची आहे. क्रेडिट कार्डावर ६० हजार थकले आहेत, दर महिन्याला किमान रक्कम भरते. आईने माझ्या नावावर केलेली दीड लाखाची ठेव आहे, ती मोडायला जीव होत नाही. पुढच्या वर्षी पगार वाढला की कार्ड फेडेन, चालेल ना? (नाव देऊ नये)

नाही चालणार गं. हे पत्र वाचताना माझ्याच पोटात तुटलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, चक्रवाढीने ते वर्षाला ५१ टक्क्यांवर जातं. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावरही आजपासूनच व्याज चालू होतं. तू भरतेस ती किमान रक्कम बहुतेक व्याजातच जिरते, म्हणून बाकी हलत नाही.

ठेव मोडलीस तर फार तर अर्धा-एक टक्का दंड बसेल. उद्या बँकेत जा, किंवा फोनवरून ठेवीचा काही भाग मोडता येत असेल तर आज रात्रीच मोड. कार्डाची पूर्ण बाकी भर, आणि पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं उरलेलं व्याज आलं तर तेही भरून टाक. उरलेले नव्वद हजार तसेच राहू देत. आईला सांग. तिने ठेव केली ती तू अडचणीत सापडू नयेस म्हणूनच केली असणार.

माझं गृहकर्ज २२ लाख शिल्लक आहे, १२ वर्षं उरली आहेत, दर ८ टक्के, रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते, त्या दराशी) जोडलेला. वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्याचे ८ लाख मिळाले. बँक ठेवीवर ६.५ टक्के देते. कर्जात भरावेत की ठेवीत ठेवावेत? नवी करपद्धत घेतली आहे, २० टक्क्यांचा टप्पा आहे. (सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, वय ४१)

६ लाख कर्जात भरा, २ लाख बाजूला ठेवा. आता कारणं सांगते.

नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. त्यामुळे तुम्हाला कर्ज पडतं पूर्ण ८ टक्क्यांना. ठेवीचे ६.५ टक्के मात्र कर जाऊन ५.१५ उरतात. ६ लाखांवर वर्षाचे आकडे मांडले तर कर्जाचं व्याज ४८ हजार आणि ठेवीतून हातात येणारं व्याज ३० हजार ९००. पहिल्याच वर्षी १७ हजारांचा फरक. उलट्या बाजूने विचारा. कर भरून ८ टक्के हातात पडायचे असतील तर ठेवीवर १०.१ टक्के मिळायला हवेत. इतकं देणारी सुरक्षित ठेव आज कुठे आहे? तुमच्यासाठी ती एकाच जागी आहे, तुमच्या कर्जखात्यात. तिथे भरलेला रुपया बाजार वरखाली झाला तरी बुडत नाही, आणि वाचलेल्या व्याजावर कुणी कर मागत नाही.

हे असंच असणार, यात आश्चर्य काही नाही. बँक तुमच्यासारख्यांच्या ठेवींतूनच कर्ज देते. त्यातला काही भाग तिला रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावा लागतो, शाखा चालवायच्या असतात, बुडीत कर्जं सोसायची असतात. हे सगळं ठेवीच्या आणि कर्जाच्या दरातल्या फरकातून निघतं. त्याच बँकेत ठेवही तुमची आणि कर्जही तुमचंच, म्हणजे तो फरक तुम्ही स्वतःच्या पैशावर भरत असता.

आता कामाची गोष्ट. तुमचा हप्ता २३,८०० च्या आसपास असणार. ६ लाख भरल्यावर दोन पर्याय असतात: हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. दुसऱ्या पर्यायात हप्ता १७,३०० वर येतो आणि हातात राहिलेले साडेसहा हजार कुठे जातात ते कुणाला कळत नाही. पहिल्या पर्यायात १४४ हप्त्यांऐवजी ९० हप्त्यांत कर्ज संपतं. शाखेत द्यायच्या अर्जात स्पष्ट लिहा: "हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी". मी खिडकीच्या आतल्या बाजूला होते तेव्हा असं न लिहिलेले अर्ज यायचे, आणि मग संगणकात जो पर्याय आधीपासून निवडलेला असेल तोच लागू व्हायचा. पैसे भरल्यावर परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख स्वतः पाहा.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे. कुणी मागितलं तर तसं लेखी द्यायला सांगा.

तुम्हाला कुणीतरी असंही सांगेल, की ६ लाख भरून ७ लाख व्याज वाचतं. आकडा खरा आहे, मोजला तर एकूण व्याज १२ लाख २९ हजारांवरून सव्वापाच लाखांच्या आसपास येतं. पण ते ७ लाख आज मिळत नाहीत, पुढच्या बारा वर्षांत पसरून मिळतात. मघाच्या सरांच्या तक्त्यासारखाच हाही एकतर्फी आकडा आहे, फक्त आपल्या बाजूचा, म्हणून गोड वाटतो. निर्णय घ्यायचा तो ८ आणि ५.१५ यांच्याकडे पाहून.

एक तपासणी मात्र कराच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला तेव्हा असंख्य कर्जदारांची मुदत गुपचूप लांबली, हप्ता तोच राहिला म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो, तेव्हा तुमच्या खात्यात ती कपात पूर्ण उतरली आहे का, ते विवरणपत्रात बघा. ऑक्टोबर २०१९ च्या आधीची कर्जं बरीचशी जुन्या पद्धतीच्या दरांवर आहेत आणि त्यांचे दर हळूहळू उतरतात. असं कर्ज असलेल्या इतर वाचकांनी ठेव मोडण्याच्या आधी दर बदलून घेण्याचा अर्ज करावा. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

आणि २ लाख का राखायचे? कर्जात गेलेला पैसा सहजी परत येत नाही. नोकरी गेली तर बँक "मागच्या वर्षी तुम्ही ६ लाख जास्त भरले होते" म्हणून हप्ता थांबवत नाही. तुमच्या क्षेत्रात तर चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी हवीच. तिच्यावर वर्षाला पाच-सहा हजारांचं व्याज बुडतं, ते बुडू द्या.

आम्ही जुन्या करपद्धतीत आहोत, ३० टक्क्यांचा टप्पा. गृहकर्ज ५२ लाख, दर ७.६. बोनसचे दीड लाख दरवर्षी पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) टाकते. मैत्रीण म्हणते, कर्जात सूट मिळते म्हणून ते आपल्याला सव्वापाच टक्क्यांनाच पडतं, पीपीएफ ७.१ करमुक्त देतं, म्हणून कर्ज मुळीच फेडू नकोस. (वय ३८)

मैत्रिणीचं गणित छोट्या कर्जाला लागू पडतं, तुमच्या कर्जाला नाही. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जाचं व्याज वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतं. ५२ लाखांवर ७.६ ने तुम्ही साधारण ३ लाख ९५ हजार व्याज भरता. म्हणजे वरच्या पावणेदोन-दोन लाखांवर तुम्हाला काहीच सूट नाही. आता दीड लाख कर्जात भरले तर कमी होतं ते याच वरच्या, बिनसवलतीच्या भागातलं व्याज. २ लाखांची वजावट जशीच्या तशी राहते. म्हणून तुमच्यासाठी पुढच्या प्रत्येक रुपयाची तुलना ७.६ विरुद्ध ७.१ अशी आहे. पारडं कर्जफेडीकडे झुकतं, पण थोडंच.

कर्ज २६ लाखांच्या आसपास उतरलं की वर्षाचं व्याज २ लाखांच्या आत येतं. तिथून मैत्रिणीचं म्हणणं शंभर टक्के खरं: कर्ज ५.२३ टक्क्यांना पडतं, पीपीएफ ७.१ देतं, मग घाई करू नका. घर आणि कर्ज दोन्ही नवरा-बायकोच्या नावावर असेल आणि हप्ता दोघं भरत असाल, तर प्रत्येकाला २ लाखांची वजावट मिळते आणि हा टप्पा तुम्ही आजच गाठलेला असू शकतो. हे आधी तपासा, कारण त्यावर सगळं उत्तर फिरतं. बचतीवरच्या करवजावटीची (८०सी) दीड लाखाची मर्यादा तुमची पीएफ आणि कर्जाचं मुद्दल मिळून भरतच असणार, तेव्हा पीपीएफला त्या सवलतीचं वेगळं श्रेय देऊ नका.

अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी पीपीएफ बंद पडू द्यावं असं मात्र मला वाटत नाही. ७.१ हा दर एप्रिल २०२० पासून हललेला नाही, तुमच्या कर्जाचा दर मात्र रेपोबरोबर नाचतो. खातं चालू ठेवायला वर्षाला ५०० रुपये पुरतात. तेवढे तरी भरत राहा, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या गृहकर्जावर बँक १० लाखांचं टॉप-अप (त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज) ८.५ टक्क्यांनी देते आहे. आमच्या ओळखीची पतसंस्था ठेवीवर ११ टक्के देते. घरबसल्या अडीच टक्के सुटतात. उचलून ठेवू का? (व्यापारी)

कृपा करून असं करू नका.

कुठल्याही "सुरक्षित" दराची परीक्षा मी एकाच मापाने करते: केंद्र सरकार स्वतः किती देतं? रिझर्व्ह बँकेमार्फत निघणाऱ्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांवर २०२५ मध्ये ८.०५ टक्के होते. सरकारी हमीचा, सात वर्षांचा, करपात्र. त्याच्या वर कुणी तीन टक्के देत असेल तर ते तीन टक्के जोखमीची किंमत म्हणून देत असतं. ११ ने ठेव घेणारी संस्था ती चौदा-पंधराने कुणाला तरी देते, आणि इतक्या दराने कर्ज घेणारा बहुधा तोच असतो, ज्याला बँकेने परत पाठवलेलं असतं.

ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था त्यात येत नाही. नावात सहकारी असलं की लोक दोन्ही एकच समजतात, आणि त्याचे परिणाम मी शेजारच्या घरात पाहिले आहेत. निवृत्तीचा पैसा अडकलेली माणसं संस्थेच्या बंद शटरसमोर पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन उभी होती.

तुमच्या व्यवहारात करापूर्वी वर्षाला सुटतात २५ हजार. संस्था अडखळली तर अडकतात १० लाख, म्हणजे अशा चाळीस वर्षांची कमाई. आणि टॉप-अपला तारण तुमचं राहतं घर आहे. शिवाय कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होईल, ठेवीचे पैसे मात्र मुदत संपल्यावर. तो हप्ता तुम्ही धंद्यातूनच काढणार, आणि धंद्यात तेच पैसे बहुधा जास्त कमावतात.

मी ६८ वर्षांचा. ज्येष्ठ नागरिक योजनेत २० लाख, बँकेत ६ लाखांची ७.३ टक्क्यांची ठेव. मुलाचं वैयक्तिक कर्ज ५ लाख बाकी आहे, १४ टक्के दर, तीन वर्षं उरली. तो काही मागत नाही, पण मला वाटतं ठेव मोडून त्याचं कर्ज फेडावं आणि त्याने मला सावकाश परत करावं. पत्नी नको म्हणते. (निवृत्त अधिकारी)

आपलं गणित बरोबर आहे आणि पत्नीची भीतीही बरोबर आहे.

१४ टक्क्यांनी मुलाचा हप्ता १७,०८९ रुपये आहे. तेच ५ लाख त्याने आपल्याला ८ टक्क्यांनी तीन वर्षांत परत केले तर हप्ता होतो १५,६६८. तीन वर्षांत त्याचे ५१ हजार वाचतात, आणि आपल्यालाही ७.३ ऐवजी ८ मिळतात. आधी त्याच्या कर्जाचा करारनामा वाचा. स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क असू शकतं. ३ टक्के असलं तर जीएसटी धरून १७,७०० रुपये जातील आणि बचत ३३ हजारांवर येईल. तरीही परवडतं.

पण ६ लाखांतले ५ दिले तर अचानक लागणाऱ्या पैशासाठी आपल्याकडे एक लाखच उरतो. ज्येष्ठ नागरिक योजनेतून मुदतीआधी काढायचे तर दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो, आणि ८.२ टक्के देणारी दुसरी सरकारी योजना आपल्याला आज मिळणार नाही. त्या २० लाखांना हात लावू नका. मी आपल्या जागी असते तर ३ लाखच दिले असते. बँक अंशतः परतफेड घेत असेल तर हप्ता कायम ठेवून मुदत कमी करायला मुलाने सांगावं. उरलेल्या ३ लाखांच्या ठेवीवर, दवाखान्याची वेळ आली तर, त्याच दिवशी ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. ठेव मोडताना एक ध्यानात घ्या: बँक जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावते आणि वर दंड कापते. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर थांबा.

पैसे रोखीत देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी रोखीत करायला आयकर कायद्याची मनाई आहे, घरच्या माणसांनाही. खात्यातून द्या, साध्या कागदावर रक्कम, दर आणि मुदत लिहून दोघांनी सह्या करा. मुलाकडून येणारं व्याज आपल्या उत्पन्नात दाखवावं लागेल, आणि बँकेच्या व्याजावर ज्येष्ठांना मिळणारी वजावट त्याला लागू होणार नाही.

हे बोलणं होईल तेव्हा पत्नी आणि सूनबाई दोघींना समोर बसवा. मुलाच्या बँकेतून आपल्या खात्यात हप्त्याची स्थायी सूचना कोणत्या तारखेची, हे त्याच बैठकीत ठरवा. पत्नीचं नाव त्या खात्यावर नसेल तर आधी ते घाला.